प्यायलेला माणूस घरी कसा जातो?

माझा भाचा म्युनिकला नोकरीला आहे. जून 2024 मध्ये फुटबॉलच्या युरो स्पर्धेचा पहिला सामना होता, त्या दिवशी त्यानं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. शहरातला मुख्य चौक, चौकात हजारोंनी स्कॉटिश लोक, कमरेला चौकड्यांचे किल्ट, हातात बिअरचे ग्लास आणि मधोमध एकजण पखालीसारखं दिसणारं ते त्यांचं वाद्य फुंकतोय. वेळ सकाळी अकराची. रात्री त्यांचा संघ जर्मनीकडून 5-1 असा सपाटून हरला. तरी दुसऱ्या व्हिडिओत तीच माणसं, सकाळच्या दुप्पट प्यायलेली, जर्मनांच्या गळ्यात गळे घालून गात होती.

ग्रुपवर आधी दाजी उतरले. “बघा, याला म्हणतात पिणं. आपल्या सोलापुरात थर्टी फर्स्टला एका चौकात एवढी दारू आली असती तर रात्रीपर्यंत सिव्हिलला खाट मिळाली नसती.” त्यावर आमचे काका, जे वर्षातून दोनदाच काही लिहितात, ते म्हणाले, “आपल्या पंढरपुरात आषाढीला लाखो माणूस जमतं. थेंबाला शिवत नाही कोणी. त्या घागरेवाल्यांचं कौतुक कसलं सांगता?” पुढे दोन दिवस ग्रुपवर हीच जुंपली होती. मी गप्प राहिलो, कारण मला दोघांचंही अर्धंच पटत होतं आणि अर्धं पटलेलं ग्रुपवर लिहिता येत नाही.

दाजींनी तुलनेला त्यांच्यातले सगळ्यात गुणी पाहुणे घेतले आणि आपल्यातली थर्टी फर्स्टची रात्र घेतली. काकांनी त्यांची दारू घेतली आणि आपली वारी घेतली. अशी तुलना केली की उत्तर आधीच ठरलेलं असतं.

पाहुण्या फुटबॉलप्रेमींची दुसरी बाजू बघायची तर फार लांब जावं लागत नाही. जून 2016 मध्ये, युरोच्याच वेळी, फ्रान्समधल्या मार्सेयच्या बंदरालगत इंग्लिश चाहते दोन-तीन दिवस बारसमोर पीत बसले होते. 11 जूनला रशियाशी सामना. त्या दिवशी खुर्च्या, बाटल्या, डोकी, सगळं फुटलं. त्यातही फ्रेंच सरकारी वकिलांनी नंतर सांगितलं की खरा मार देणारे दीडशेच्या आसपास रशियन आधीपासून तयारीनं आलेले होते. म्हणजे तिथंसुद्धा सगळा दोष बाटलीच्या माथी मारून सुटका नाही. त्याआधी 1985 मध्ये ब्रुसेल्सच्या हेसल मैदानावर लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचे चाहते समोरच्यांवर धावून गेले, भिंत कोसळली आणि 39 माणसं मेली. त्याच वर्षी इंग्लंडनं कायदा केला की फुटबॉलचं मैदान नजरेसमोर असताना दारू प्यायची नाही. क्रिकेटला आणि रग्बीला मात्र चालते. साहेबांच्या खेळाला सूट आणि कामगारांच्या खेळाला पोलीस, हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडेही देशीच्या दुकानासमोर बसलेला माणूस ‘दारुडा’ असतो आणि क्लबात बसलेला ‘सोशल’ असतो.

आणि हे गुणी स्कॉटिश? 1977 मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला हरवल्यावर त्यांनी मैदानात घुसून गोलपोस्ट मोडला होता. 1980 मध्ये ग्लासगोत सेल्टिक आणि रेंजर्स या तिथल्याच दोन क्लबांच्या अंतिम सामन्यानंतर मैदानावरच दंगल झाली आणि स्कॉटलंडनं स्टेडियममध्ये दारूच बंद केली. पुढं ऐंशीच्या दशकात इंग्लिश चाहत्यांची जगभर छी-थू व्हायला लागली, तेव्हा याच लोकांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली: आपण इंग्लिशांसारखे नाही हे दाखवायचं. दारू कमी केली नाही, मारामारी बंद केली. डेन्मार्कच्या चाहत्यांनी तर ‘हूलिगन’ शब्दाला वाकवून स्वतःला ‘रोलिगन’ म्हणवून घेतलं. रोलिग म्हणजे शांत. गर्दीनं आपसात काय ठरवलंय यावर तिची वागणूक ठरते, रक्तावर नाही आणि संस्कृतीवर तर नाहीच. दाजींच्या ‘त्यांना कळतं, आपल्याला कळत नाही’ या सिद्धान्ताला माझा पहिला आक्षेप हा.

काकांनाही एक सांगायचं आहे. जानेवारीत आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत अख्खं शहर रस्त्यावर असतं. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वजांच्या उंच काठ्या तोलत शहरातल्या 68 लिंगांना निघतात, संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात, होम मैदानावर रात्री शोभेचं दारूकाम होतं. (बाहेरगावच्या पाहुण्याला ‘चला, दारूकाम बघायला’ म्हटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.) त्या गर्दीत नंदीध्वजाला हात लावणारा पोरगा थेंबाला शिवत नाही, हे खरं. पण तोच पोरगा दोन आठवड्यांपूर्वी, थर्टी फर्स्टला, कुठं होता? मला माहीत आहे, कारण मी शेजारच्या टेबलावर होतो.

तुळजापूर रोडचा एक ढाबा. नाव सांगत नाही, सगळे सारखेच. पुढं ‘फॅमिली’ अशी पाटी लावलेला ट्यूबलाइटचा भाग, तिथं तीन टेबलं रिकामी. मागं शेतात पत्र्याच्या आडोशानं केलेल्या खोपट्या, तिथं पाय ठेवायला जागा नाही. पोरं गावातूनच बाटल्या घेऊन आलेली. वेटर पहिल्यांदा स्टीलचे ग्लास, पाण्याची बाटली आणि मोठ्या ताटलीत कांदा-लिंबू ठेवतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, “मालक, बाटली खाली ठेवा की. आज साहेबलोक फिरायलेत.” मग बाटली टेबलाखाली, दोन पायांच्या मधे. ओतायचं ते वाकून. ओतलं की पटकन संपवायचं, कारण ग्लासात दिसू नये. शेंगा आल्या, शीक कबाब आले, भाकरी यायच्या आत क्वार्टर संपलेली. अर्ध्या तासाचा कारभार.

आता गणित बघा. पाच टक्क्यांची अर्धा लिटर बिअर म्हणजे 25 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आपली क्वार्टर 180 मिलिलिटरची, 42.8 टक्क्यांची, म्हणजे 77. एक क्वार्टर म्हणजे साधारण तीन मोठे ग्लास बिअर. भाच्याच्या व्हिडिओतला माणूस ते तीन ग्लास उभ्यानं, गात, मधे सॉसेज खात, सगळ्या गावादेखत अडीच तासात रिचवतो. आपला गडी तेवढंच अल्कोहोल अर्ध्या तासात, वाकून. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात भारतात नोंद होणाऱ्या अल्कोहोलमधलं नव्वद टक्क्यांहून जास्त अशा कडक दारूतूनच येतं. दरही तिकडंच ढकलतात. जून 2025 मध्ये राज्यानं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा 180 मिलीची किमान किंमत देशीला 80, नव्या ‘महाराष्ट्र मेड’ दारूला 148 आणि देशात बनणाऱ्या विदेशीला 205 रुपये अशी ठरली. एका बिअरच्या बाटलीच्या पैशात देशीच्या दोन क्वार्टर. ज्याच्या खिशात दोनशे रुपये आहेत तो काय घेईल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आणि ज्याच्या खिशात तेवढेही नाहीत तो हातभट्टीकडं वळतो. ती सोडवायला ग्रामीण पोलिसांना सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर ‘ऑपरेशन परिवर्तन’ घेऊन जावं लागलं आणि भट्टी लावणाऱ्या घरांना दुसरा धंदा शोधून द्यावा लागला. त्या कामाचं मला मनापासून कौतुक आहे, पण तो वेगळा विषय.

दुसरा आकडा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे 13.9 टक्के निघाले. शंभरात चौदा. बायका शंभरात एकही नाही. इंग्लंडात दहा प्रौढांतले आठ कधी ना कधी पितात. म्हणजे दाजी म्हणतात त्याच्या उलट, आपण पिणाऱ्यांचा समाजच नाही. थोडे पितात, पण जे पितात ते चढण्यासाठी पितात, कारण प्यायला मिळणं हीच मुळात एक मोहीम असते. जिथं बायका-पोरं, म्हातारी माणसं त्याच बाकावर बसलेली असतात तिथं माणूस आपसूक हात आखडता घेतो. आपल्याकडे वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जातं, भज्जी-भाकरी आणि आंबील होते, तिथं एखाद्या चुलत्यानं झाडामागं जाऊन घेतली तरी आजीच्या एका नजरेत तो ताळ्यावर येतो. ढाब्यामागच्या खोपटीत आजी नसते.

कायदाही मजेशीर आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून अजून जिवंत आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो: एका दिवसाचा, विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. ‘परमिट रूम’ हे नाव त्यावरून आलं. तीस वर्षांत मी एकदाही तो काढलेला नाही, तेव्हा हे वाक्य म्हणजे माझा कबुलीजबाब समजा. प्रत्येक पिणारा थोडासा गुन्हेगार, त्यामुळं प्रत्येकाला थोडी घाई. वर 15 डिसेंबर 2016 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. हेतू उत्तम होता, प्यायलेल्या ड्रायव्हरला आवरणं. पुढं न्यायालयानंच शहराच्या हद्दीतल्या दुकानांना मोकळीक दिली. सोलापूरची तर सगळी तोंडं महामार्गावर उघडतात. पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट. मग झालं असं की दुकान गावात, ढाबा गावाबाहेर. माणूस गावात विकत घेतो, दहा-पंधरा किलोमीटर गाडी मारत बाहेर जातो, अंधारात पितो आणि त्याच महामार्गानं परत येतो. ज्या रस्त्यावरून दारू हटवायची होती, त्याच रस्त्यावर आपण पिणाऱ्याला आणून सोडलं.

भाच्याच्या व्हिडिओचे शेवटचे दहा सेकंद ग्रुपवर कुणीच नीट पाहिले नाहीत. त्यात ती घागरेवाली माणसं, एकमेकांना धरत, जिन्यावरून खाली उतरताना दिसतात. तो जिना मेट्रोचा आहे. युरोच्या तिकिटातच 36 तासांचा शहर वाहतुकीचा पास होता. एवढ्या हजारो प्यायलेल्यांतला क्वचितच कुणी गाडीची किल्ली शोधत असेल, कारण बहुतेकांकडं गाडीच नव्हती. तेही परिपूर्ण नाहीत. दोन दिवसांनी गेल्सेनकिर्शेनला इंग्लंड-सर्बिया सामना होता. तिथं पोलिसांनी धोका ओळखून अडीच टक्क्यांची पातळ बिअरच विकू दिली. पण सामन्यानंतर ट्रामची व्यवस्था कोलमडली, चाहते तासन्‌तास अडकले. आणि बोंब कशाची झाली? प्यायलेल्यांना घरी पोचवता आलं नाही याची. कतारनं 2022 च्या विश्वचषकात सुरुवातीला दोन दिवस उरले असताना स्टेडियमची बिअर बंद केली, आणि त्या स्पर्धेत इंग्लंड-वेल्सचा एकही चाहता अटकेत गेला नाही. काका हे वाचून खूश होतील. पण त्यांनी हेही वाचावं की संध्याकाळी ठरावीक जागी, उजेडात बिअर मिळत होती, आणि मेट्रो चाहत्यांना फुकट होती.

कागदावर आपण जगात कडक आहोत. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा इंग्लंडात 100 मिलिलिटरला 80 मिलिग्रॅम, स्कॉटलंडात 2014 पासून 50, आपल्याकडे 30. पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तुरुंग, किंवा दोन्ही. पण तुळजापूर रोडवरून रात्री साडेबाराला शहरात यायला दुसरं आहे काय? शहर बस दिवसाच दिसेल तर नशीब. रिक्षा स्टेशनवर मिळते, ढाब्यावर नाही. मग तिघंजण एका गाडीवर, मधला निम्मा झोपलेला. त्याला पकडून दहा हजार वसूल करा, जरूर करा. पण पकडला जाईपर्यंत तो आठ किलोमीटर आलेला असतो.

इथं पाहुणा आणि स्थानिक यांतला खरा फरक सांगतो, जो आमच्या ग्रुपवर आलाच नाही. पाहुणा प्यायल्यानंतर हॉटेलात जातो. स्थानिक घरी जातो. पाहुण्याची बायको ग्लासगोत असते. त्याच्या पिण्याचा सगळ्यात वाईट तास कुणाच्या स्वयंपाकघरात घडत नाही. म्हणून तिकडच्यांशी तुलना करायची तर म्युनिकच्या चौकात करू नका, इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये करा. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002, 2006 आणि 2010 या तीन विश्वचषकांच्या वेळच्या तिथल्या पोलीस नोंदी तपासल्या. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरगुती मारहाणीच्या तक्रारी 38 टक्क्यांनी जास्त होत्या. जिंकलं किंवा बरोबरीत सुटलं तेव्हाही 26 टक्क्यांनी. तशीच हसरी, गाणारी माणसं. फक्त घरी पोचलेली.

लँकेशायर म्हणजे कापड गिरण्यांचा मुलूख, आणि सोलापूरही. 1850 मध्ये ब्रिटनच्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या बायका-पोरांची सुट्टी शनिवारी दुपारी दोनला ठरवली, हळूहळू सगळ्या कामगारांना ती मिळाली, आणि त्या रिकाम्या शनिवारच्या दुपारवर फुटबॉल उभा राहिला. त्याच्याशेजारी पब. आमच्या जुन्या मिलच्या भोंग्यावर वाढलेल्या माझ्या आजोबांच्या वाट्याला फुटबॉल आला नाही, दुसरी गोष्ट मात्र आली. पगाराच्या दिवशी आजी गेटवर जाऊन उभी राहायची. एकटी नाही, पन्नास-साठ बायका. पदराला किल्ल्या, कडेवर पोर, नजर गेटच्या फटीकडं. नवरा आणि गुत्ता यांच्यामध्ये त्या बायका उभ्या असायच्या, आणि ज्या दिवशी उशीर व्हायचा त्या दिवशी घरात काय व्हायचं ते आजीनं कधी सांगितलं नाही. तिच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं बसलेलं होतं. आम्ही विचारलं की म्हणायची, “आडावर पडले.”

म्हणून दारूचं दुकान हटवायला बायकांना मतदान करता येतं, ती ‘उभी बाटली, आडवी बाटली’ची पद्धत मला फार मोलाची वाटते. 2008 च्या शासन आदेशात ती घालून दिलेली आहे. चिठ्ठीवर दोन बाटल्या, उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. अट अशी की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त आडवीला पडल्या पाहिजेत, आलेल्यांपैकी नव्हे. खुरपणीला गेलेली, माहेरी गेलेली, नवऱ्यानं घरात कोंडलेली बाई आपोआप उभीच्या बाजूला मोजली जाते. आमदार निवडायला अशी अट लावली असती तर विधानसभेत किती जण बसले असते?

दारूबंदीचा मी समर्थक नाही. दारूवरून या शहरानं गोळ्याही झेलल्यात. 8 मे 1930 ला रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची, म्हणजे ज्यांच्या रसाची दारू होते ती, झाडं तोडायला गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला, आणि त्यातूनच पुढं सोलापूरचा तो मार्शल लॉ आला. ती झाडं नुसत्या नशेविरुद्ध पडली नव्हती, नशेतून गोऱ्या सरकारची तिजोरी भरत होती म्हणूनही पडली. आज तिजोरी आपली आहे. त्यामुळं बंदी कुणालाच परवडत नाही आणि सोय कुणालाच करायची नाही. थर्टी फर्स्टला परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळते. पाच वाजता त्या माणसानं कशानं घरी जावं यावर त्या आदेशात एक ओळ नसते.

मला जे हवं आहे ते साधं आहे आणि दोन्ही पक्षांना नकोसं आहे. गावाबाहेरच्या ढाब्यांवर धाडी टाकून टेबलाखालच्या बाटल्या मोजण्यापेक्षा, ज्यांना चालवायचंय त्यांना बिअरचा रीतसर परवाना द्या. अट घाला: खोपट्या पाडा, सगळे उजेडात बसतील, आणि ग्राहकाच्या गाडीची किल्ली काउंटरवर. किल्ली न घेता पाजलं तर परवाना रद्द. वर्षातल्या चार-पाच रात्री, थर्टी फर्स्ट, धुळवड, गटारी, अशा मोजक्याच, शहराच्या पाच रस्त्यांवर रात्री दोनपर्यंत बस फिरवा. पाच बस. त्याला स्मार्ट सिटी लागत नाही.

हे मी शेवटी ग्रुपवर लिहिलं. दाजींनी अंगठा दिला. काकांनी विचारलं, “दारुड्यांसाठी माझ्या घरपट्टीतून बस?”

काका, माझा मावसभाऊ जन्मात दारू प्यायलेला नाही. माळकरी आहे, तुम्हाला ठाऊक आहे. त्याची पेपरची लाईन आहे. तीन वर्षांपूर्वी एक जानेवारीला पहाटे सव्वापाचला, सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंना पिशव्या, तो चौकातून वळत होता आणि मागून तिघंजण बसलेली गाडी आली. तिघांनाही खरचटलंसुद्धा नाही. याच्या मांडीत अजून रॉड आहे. आता तो एक तारखेला सातच्या आत घराबाहेर पडत नाही. गिऱ्हाइकं ओरडतात, वर्षाच्या पहिल्याच दिवशी पेपर उशिरा, म्हणून.